सारवलेली भुई आणि नवं पिल्लू

(दृश्य : पहाट. सांदवाडीचं (घरामागच्या आवाराचं) दार. दोन हातांत कुत्र्याचं पिल्लू.)

पिल्लू झोपेतून उठलं की उचलायचं आणि थेट सांदवाडीत न्यायचं. चालवत नेलं तर उंबरठ्याआधीच लघवीला बसतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार धरवत नाही. दिवसा दर दोन तासांनी ही फेरी, शिवाय खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांनी.

(दृश्य : पंजे, शेणाने सारवलेली भुई.)

हे पंजे बघा. कुठे बसायचं ते पिल्लू वासावरून आणि पायाखाली काय लागतं त्यावरून ठरवतं. तिसऱ्या आठवड्यापासूनच ही सवय घडू लागते. हे पिल्लू जन्मलं गोठ्याच्या कडेला, मातीवर. घरातली भुईही मातीचीच, वर शेणाचं सारवण. फरशीच्या घरात आत आणि बाहेर पायाला कळतं. इथे त्याच्या लेखी सगळं अंगणच आहे. तो हट्ट नव्हे.

म्हणून फरक आपण करून द्यायचा. सांदवाडीच्या कोपऱ्यात दोन हात जागा, तिच्यावर चार बोटं जाड सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा. घरात जिथे ओलं केलं, तिथली मूठभर माती या कुटारावर टाकायची. जागा रोज हीच. ‘सू’ हा शब्दही घरात सगळ्यांचा एकच.

(दृश्य : पिल्लू हुंगत फिरतं.)

नाक खाली, दोन गिरक्या, मागचे पाय वाकले. आता गप्प राहायचं. मध्येच लाड केले तर अर्धं राहतं आणि उरलेलं घरात होतं. झालं की तिथल्या तिथे हरभऱ्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. घरात येऊन दिला, तर आत आल्याबद्दल मिळाला असं त्याला वाटतं. पाच मिनिटांत काहीच झालं नाही तर मांडीवर घेऊन बसा, दहा मिनिटांनी पुन्हा न्या.

(दृश्य : खुरपं, ओली भुई, सारवणारा हात.)

भुईत लघवी मुरते. वरून पुसून वास जात नाही आणि वास राहिला की पिल्लू तिथेच परत येतं. ओला थर अर्धं बोट खोल खरवडून काढा, भुई पूर्ण वाळू द्या, मगच सारवा. फिनाइल नको : वास आपल्या नाकाला दबतो, त्याच्या नाही; शिवाय पंज्याला लागलेलं ते चाटतं. चापट मारली, नाक घासलं, तर माणसासमोर बसायचं नाही एवढंच पिल्लू शिकतं. मग ते कणगीमागे बसतं, आणि सांदवाडीत तुमच्यादेखत बसतच नाही.

गाईच्या दुधाने पोट सुटलं असेल तर आधी दूध बंद करा. जंताचं औषध, लसी वेळेवर. न शिकलेली पिल्लं बऱ्याचदा शेवटी गावाबाहेर सोडली जातात.

(दृश्य : रात्र. खाटेजवळ टोपलं.)

टोपलं अंग वळवता येईल एवढंच हवं. झोपायची जागा पिल्लू सहसा ओली करत नाही. रात्री कुंईकुंई केलं की उचला, कुटारावर न्या, खेळू नका, परत झोपवा.

(दृश्य : पिल्लू दार खरवडतं.)

आठवडाभर घरात एकदाही झालं नाही, तर फेऱ्यांमधलं अंतर अर्ध्या तासाने वाढवा. आणि असं दार खरवडलं, की हातातलं काम ठेवून आधी कडी काढा.