डेअरीवाल्यानं सरळ विचारलं

(परभणी जिल्ह्यातल्या एका गणेश मंडळाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, मला पाऊण तास दिला होता, त्यातला बराचसा सत्कारात गेला. शाल मिळाली, नारळ मिळालं, तक्रार नाही. एवढ्या उकाड्यात शाल पांघरवणारी माणसं आपल्याकडंच. पत्रिकेवर विषय छापलाय ‘संकटातल्या माणसाला सावरताना’. तीन मुद्दे सांगणार आहे. पण आधी माझं एक भांडण आहे, आणि ते तुमच्याशीच आहे.

आपल्याकडं कुणा शेतकऱ्यानं आत्महत्या केली की दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर माणसं मावत नाहीत. सोयरे येतात, पुढारी येतात, तलाठी येतो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच : कर्ज किती होतं? त्याची बायको कोपऱ्यात बसलेली असते, तिच्याकडून आकडा वदवून घेतात. मग सातबारा, बँकेची नोटीस, प्रकरण पात्र का अपात्र. सरकारच्या एक लाखाच्या मदतीला कागद लागतात, ते मला कळतं. पण भेटीला आलेल्या मावसभावाला आकडा कशाला हवा? एका घरी एक गृहस्थ बशीत चहा ओतत म्हणाले, “एवढ्याशा पैशासाठी?” गेलेला माणूस उन्हाळ्यात त्यांच्याच दारात उसने मागायला गेला होता, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

कर्ज असतंच. सोयाबीनचा भाव मी तुम्हाला सांगायला नको. पण कर्ज तर पारावर बसणाऱ्या सगळ्यांनाच आहे. त्यात दुखणं मिसळतं, दारू मिसळते, घरातला अबोला, चारचौघांत झालेला अपमान, आणि पुष्कळदा कुणी न ओळखलेलं नैराश्य. आपल्याला एक कारण सापडलं की बरं वाटतं, फाईल बंद. नंतर एवढी चौकशी करणारं गाव आधीचे दोन महिने कुठं होतं, एवढंच माझं विचारणं आहे.

आता डेअरीवाल्याची गोष्ट. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐका, शाल परत करणार नाही.

गोदाकाठचं एक गाव. सकाळचं दूधसंकलन. रांगेत एक शेतकरी असा, की रोज फॅटवरून भांडायचा. “माझ्या म्हशीला साडेसहाच्या खाली फॅट लागतच नाही, तुझी मशीनच खोटी!” अख्ख्या रांगेची करमणूक. एक दिवस मशीननं पाच पूर्णांक आठ दाखवलं आणि गडी चिठ्ठी खिशात घालून निघून गेला. रांगेतले हसले, म्हणाले, सुधारला. डेअरीवाला हसला नाही. पुढं दोन-चार दिवस तेच. दाढी वाढलेली, बोलणं नाही. मग एका सकाळी तो म्हणाला, “पुढचा दुधाचा पगार पोराच्या खात्यावर टाकत जा.”

डेअरीवाल्यानं रांग संपवली, त्याला मागच्या कट्ट्यावर बसवलं आणि विचारलं, “भाऊ, काय करायलास? जिवाचं काही बरंवाईट करायचं डोक्यात आहे का?”

तो माणूस म्हणाला, “तुला कोण सांगितलं?”

मग बोलत बसला. दुधाची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती, ड्रायव्हर शिव्या देत होता. डेअरीवाल्यानं मध्ये एकदाही ‘खंबीर राहा’ म्हटलं नाही. नंतर मेव्हण्याला बोलावून घेतलं, शेतातल्या आखाड्यावरची फवारणीची औषधं दुसरीकडं हलवली, आणि दोघं त्याला सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. औषधगोळ्या चालल्या बरेच महिने. आता पुन्हा फॅटवरून भांडतो.

लोकांना वाटतं, असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो. शिरत नाही. अभ्यासकांनी हे तपासून पाहिलंय. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

चिठ्ठी आली. आरतीची वेळ झाली म्हणतात. बरं, मुद्दे धावत सांगतो.

ऐकताना उपाय सांगू नका. ‘पोराबाळांकडं बघ’ तर अजिबात नको. तो त्यांच्याकडंच बघत असतो, आणि आपलं त्यांना ओझं झालंय असं त्याला वाटत असतं. दुसरं, अशा वेळी त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीची औषधं त्याच्या हाताला लागू देऊ नका. ती तीव्र इच्छा पुष्कळदा काही वेळाची असते, तेवढा वेळ निभावला तर माणूस हाती लागतो. श्रीलंकेनं १९९० च्या दशकात सर्वांत जहाल कीटकनाशकं बंद केली, पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. तिसरं, डॉक्टर. आणि रात्री-अपरात्री १४४१६ ला फोन, म्हणजे सरकारचं टेलिमानस, मनाच्या दुखण्यासाठीची हेल्पलाइन. २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही लावावा. पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं, प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारची. आणि त्या माणसाकडं एकदा जाऊन आलात म्हणजे झालं नाही, चार दिवसांनी पुन्हा जा.

हो, हो, आलो. ज्यांची पोरं लातूरला नीटच्या क्लासला आहेत, त्यांनी आरतीनंतर जरा थांबा. रविवारी फोन लावून ‘टेस्टला किती पडले’ म्हणण्याआधी काय विचारायचं, ते राहिलंच बोलायचं.