पाणी ओसरले, तरी गाडी का सुटत नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईतल्या कितीतरी घरांचा एखादा तरी बेत रेल्वेच्या एका ओळीच्या संदेशाने मोडतो. कोणाला नाशिकला परीक्षेसाठी पोहोचायचे असते, कोणाला पुण्याच्या रुग्णालयातली तारीख गाठायची असते, कोणी आषाढीला पंढरपूरला निघालेला असतो, तर कोणाच्या घरी रत्नागिरीकडे गणपतीची आरास अर्धी झालेली असते. आणि संदेश येतो, की अतिवृष्टीमुळे गाडी रद्द करण्यात आली आहे. हा संदेश खरा असला, तरी त्याने प्रवाशाला काहीच ठरवता येत नाही. कुठे काय घडले, ते दुरुस्त व्हायला काही तास लागतील की काही दिवस, दुसरी वाट उघडी आहे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. पुराने रेल्वेमार्गाचे नुकसान होते म्हणजे नेमके काय होते, आणि ते समजले तर आपल्याला आपला प्रवास अधिक शहाणपणाने कसा ठरवता येतो, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

आपल्या रोजच्या परिचयाचा प्रकार म्हणजे रुळांवर साचलेले पाणी. शीव, कुर्ला, चुनाभट्टी, मशीद बंदर, नालासोपारा ही नावे जुलै महिन्यात बातम्यांतून ऐकू आली नाहीत, असे वर्ष सापडणे कठीण. जोरदार पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकाच वेळी आली, की नाल्यांतले पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि ते सखल भागातल्या रुळांवर पसरते. रुळांतून एक सौम्य विद्युतप्रवाह खेळवलेला असतो आणि त्यावरून पुढे गाडी उभी आहे की नाही हे सिग्नल यंत्रणेला कळते. खडी पाण्यात आणि चिखलात बुडाली की हा प्रवाह भलतीकडे झिरपतो, आणि यंत्रणा रूळ मोकळा असतानाही तो व्यापलेला आहे असे समजून सिग्नल लाल ठेवते. ही यंत्रणा बिघडली तरी सुरक्षिततेच्या बाजूने बिघडावी, अशीच तिची रचना असते, आणि ते योग्यच आहे. रूळ बदलणारी यंत्रे आणि लोकलच्या डब्यांखालच्या मोटारीही पाण्यात बुडून चालत नाहीत. या प्रकारात खालचा मार्ग बहुधा शाबूत असतो. त्यामुळे भरती उतरली आणि पाऊस थांबला, की काही तासांत गाड्या हळूहळू धावू लागतात. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुख्य मार्गावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते ठाणे ही लोकलसेवा बंद पडली, तीही अशाच पाण्यामुळे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला. फोर्टमध्ये कचेरीत बसलेल्या माणसाला खिडकीबाहेर पाहून अंधेरी-कुर्ल्याची कल्पना येणे शक्यच नव्हते, आणि हजारो लोक नेहमीच्या वेळी घरी जायला निघाले. आपल्या खिडकीतला पाऊस हा आपल्या गाडीच्या वाटेवरचा पाऊस नसतो, हे लांबच्या प्रवासाला तर अधिकच लागू पडते.

मुंबईतून मध्य रेल्वेने राज्यात आणि देशात जायचे, तर कल्याणला वाट फुटते. एक फाटा कसाऱ्याकडून थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, चढून इगतपुरीला जातो, दुसरा कर्जतहून बोरघाट चढून लोणावळ्याला. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, थळ घाटातला १८६५ मध्ये. या घाटांत ३७ फुटांना एक फूट असा खडा चढ आहे आणि तो चढण्यासाठी गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. सह्याद्रीचा कडा कोरून, बोगद्यांमागून बोगदे खोदून आणि दऱ्यांवर पूल बांधून नेलेली ही वाट आजही मुंबईची जीवनवाहिनी आहे. तिला पावसाळ्यात सर्वांत मोठा धोका दरडीचा असतो. कड्यातल्या भेगांत पाणी मुरते, माती सैल होते आणि सुटलेला दगड थेट रुळावर येतो. दगड उचलता येतो, माती खरवडता येते. परंतु त्या दगडाच्या वर आणखी किती सैल झालेले आहे, हे तपासल्याशिवाय प्रवासी गाडी सोडता येत नाही. धुक्यात, पावसात, रात्रीच्या वेळी आणि एका बाजूला दरी असताना हे काम करावे लागते. म्हणून दरड कोसळल्याची बातमी आली, की निदान त्या दिवसाचा प्रवास गेला असे धरून चालावे. दरडीबरोबर संरक्षक भिंत, पुलाचा खांब किंवा रुळाखालचा भरावच खचला असेल, तर तो मार्ग कित्येक आठवडे बंद राहू शकतो.

२१ आणि २२ जुलै २०२१ या दोन दिवसांत जे घडले, ते मुंबईकरांनी विसरू नये असे मला वाटते. २१ तारखेच्या रात्री कसारा घाटात दरडी कोसळल्या, उंबरमाळी स्थानकात पाणी फलाटाच्या उंचीला भिडले आणि तिकडची वाहतूक थांबली. त्याच रात्री लोणावळ्याकडचा घाटही बंद झाला. २२ तारखेला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, नदीवरच्या पुलापाशी पाणी धोक्याच्या पातळीवर गेले आणि कोकण रेल्वेच्या गाड्या ठिकठिकाणी थांबवाव्या लागल्या; त्यांत सुमारे ६,००० प्रवासी अडकले. म्हणजे नाशिकची वाट, पुण्याची वाट आणि कोकणची वाट एकाच वेळी बंद होती. अशा दिवशी एक गाडी रद्द झाली म्हणून दुसरीचे तिकीट काढण्यात अर्थ नसतो. पण हे प्रवाशाला कधी कळणार? या तीनही घटना एकत्र मांडून कोणी सांगितल्या तरच. सुट्या सुट्या गाड्यांच्या क्रमांकांची यादी वाचून ते कळत नाही.

आता सर्वांत फसव्या प्रकाराकडे येतो. वरून पाहिले तर रूळ जागेवर असतात, पाणीही उतरलेले असते, आणि तरीही तो मार्ग धोकादायक असतो. रुळाखाली स्लीपर, त्याखाली खडी आणि त्याखाली मातीचा भराव, अशी ही रचना असते. खडीच्या फटींतून पाणी झरझर खाली जावे आणि गाडीचे वजन सर्वत्र सारखे पसरावे, यासाठी ती टोकदार आणि स्वच्छ दगडांची असावी लागते. पूर आला की तिच्यात गाळ भरतो किंवा ती खालून वाहून जाते. पाणी अडवलेल्या बांधासारखा भराव एका बाजूने पाणी पितो, आणि ते पाणी भरावाच्या पोटातून दुसऱ्या बाजूला वाट काढू लागले की माती आतून सुटते. १ सप्टेंबर २०२४ रोजी तेलंगणात केसमुद्रम जवळ काझीपेट-विजयवाडा मार्गाखालचा भराव असाच वाहून गेला आणि रूळ अधांतरी लोंबकळत राहिले. मुंबईहून भुवनेश्वरला जाणाऱ्या कोणार्क एक्सप्रेसचा नेहमीचा मार्ग तोच. शेकडो गाड्या रद्द झाल्या किंवा वळवल्या गेल्या. दिवसरात्र काम करून तीन-चार दिवसांत तो मार्ग पुन्हा उभा राहिला, हे खरोखर कौतुकास्पद होते.

हे वेळीच लक्षात आले नाही तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री मध्य प्रदेशात हरदा जिल्ह्यात माचक नदीपाशी अचानक आलेल्या लोंढ्याने रुळांखालचा भराव वाहून नेला. मुंबईहून वाराणसीला निघालेली कामायनी एक्सप्रेस तेथे घसरली आणि पाठोपाठ शेजारच्या मार्गावर मुंबईकडे येणारी जनता एक्सप्रेसही घसरली. अनेकांचे प्राण गेले. त्या ठिकाणाहून थोड्याच वेळापूर्वी गाड्या सुखरूप गेल्या होत्या, असे तेव्हा रेल्वेने सांगितले होते. म्हणून पाणी उतरल्यावरही अभियंत्यांनी मार्ग तपासेपर्यंत गाडी थांबवली जाते, आणि सोडली तरी पहिल्या गाड्या माणसाच्या धावण्याच्या वेगाने सोडल्या जातात. अशा वेळी गाडीत बसलेल्या माणसाचा जीव कासावीस होतो, हे मी जाणतो. परंतु त्या संथपणात त्याचाच जीव राखलेला असतो.

कोकण रेल्वेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळे कारवारहून मुंबईला येणारी विशेष गाडी घसरली आणि पन्नासच्या वर माणसे दगावली. पुढच्याच वर्षी १६ जून रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला असाच अपघात झाला. आज पावसाळ्यात या मार्गावर वेगळे वेळापत्रक असते, गाड्या मुद्दाम संथ चालवल्या जातात, आणि मुसळधार पावसात समोरचे नीट दिसत नसेल तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणला जातो. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांवर पाण्याची पातळी कळवणारी यंत्रे बसवलेली आहेत. तरीही जुलै २०२४ मध्ये खेड तालुक्यात दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली आणि जवळजवळ एक दिवस वाहतूक ठप्प झाली; अडकलेल्या प्रवाशांसाठी एसटीच्या गाड्या मागवाव्या लागल्या. वीरच्या पुढे हा मार्ग बहुतांश एकेरी आहे. एक ठिकाण बंद पडले की शेजारच्या रुळावरून गाडी काढण्याची सोय नसते. मग मडगाव, लोंढा, मिरज, पुणे असा लांबचा वळसा घ्यावा लागतो. ज्याला संगमेश्वरला किंवा कणकवलीला उतरायचे आहे, त्याला त्या वळशाचा काहीही उपयोग नाही. गाडी 'वळवली' हा शब्द ऐकून समाधान मानू नये; आपले स्थानक नव्या वाटेवर आहे का, हे आधी पाहावे.

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी जो माणूस आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पावसाळी गस्त घालणारा ट्रॅकमन रात्रभर ठरलेल्या टापूत रुळांच्या कडेने चालत असतो. हातात कंदील किंवा बॅटरी, लाल झेंडा, आणि रुळावर ठेवायचे डिटोनेटर, ज्यांच्या स्फोटाच्या आवाजाने गाडी चालवणारा सावध होतो. मोऱ्यांमध्ये पाणी कुठवर आले, कड्यावरून माती सुटते आहे का, रुळाखाली पोकळ वाटते आहे का, हे तो पाहतो. त्याला चांगला रेनकोट, भक्कम बूट, चालू वायरलेस आणि घाटात सोबतीला दुसरा माणूस मिळाला पाहिजे, आणि त्यात काटकसर होता कामा नये.

तसेच माहिती देणे हाही दुरुस्तीचाच भाग मानला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'तांत्रिक कारणास्तव' या शब्दांनी कोणाचेच भले होत नाही. 'कसारा घाटात दरड आली आहे, तीनपैकी एक मार्ग सुरू आहे, पुढची माहिती सकाळी सहा वाजता देऊ' अशी घोषणा झाली, तर माणूस घरी परतायचे की स्थानकावर थांबायचे हे ठरवू शकतो. नेमकी वेळ सांगता येत नसेल, तर पुढची बातमी केव्हा देणार तेवढे तरी सांगता येते. मोठ्या टर्मिनसवर निदान पडदे असतात, चौकशीची खिडकी असते. खर्डी, वांगणी किंवा कामथे अशा लहान स्थानकांवर अडकलेल्या गाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकुरवाळ्या बायकांना प्यायला पाणी आणि एक खरी बातमी, एवढेही अनेकदा मिळत नाही. गावकरी धावून येतात म्हणून वेळ निभावते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि लष्कराच्या बरोबरीने परिसरातले लोकही मदतीला उतरले होते. त्या १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले गेले, आणि पुढे कोल्हापूरला जाण्यासाठी कल्याणहून मनमाड-दौंडमार्गे विशेष गाडी सोडण्यात आली. बोरघाट बंद असला तरी कसारा घाट सुरू असेल, तर ही लांबची वाट उपयोगी पडते, हे ध्यानात ठेवावे.

आता प्रवाशांनी करायच्या काही गोष्टी. जुलै आणि ऑगस्टमध्ये परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रिया किंवा विमान गाठायचे असेल, तर शक्यतो एक दिवस आधी निघावे आणि घाट ओलांडण्याचा प्रवास दिवसाउजेडी ठेवावा. निघण्यापूर्वी १३९ या क्रमांकावर किंवा रेल्वेच्या ॲपवर आपली गाडी पाहावीच, शिवाय त्याच मार्गावरून तासाभरापूर्वी गेलेली गाडी सध्या कुठे आहे, हेही पाहावे. पुढची गाडी इगतपुरीला दोन तास उभी असेल, तर आपली वेळेवर सुटूनही पोहोचणार नाही. औषधे, पाणी आणि एका जेवणापुरती शिदोरी जवळ असू द्यावी.

पैशांबाबत नियम प्रवाशांच्या बाजूचे आहेत, पण ते माहीत नसल्याने पैसे बुडतात. गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचे भाडे आपोआप परत येते. खिडकीवर काढलेले तिकीट मात्र गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत खिडकीवर द्यावे लागते. गाडीला तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि आपण प्रवास करणार नसाल, तरीही पूर्ण भाडे मिळते. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी तशी मागणी नोंदवावी लागते, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. गाडी वळवली गेली किंवा अंशतः रद्द होऊन आपल्या स्थानकाच्या अलीकडेच थांबवली गेली, तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप येत नाहीत. त्यासाठी टीडीआर, म्हणजे पैसे परत मिळण्याचा मागणी-अर्ज, भरावा लागतो, आणि तोही मुदतीच्या आत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी खिडकीवरून तिकिटे काढली असतील, तर पाऊस थांबण्याची वाट न पाहता कोणीतरी जवळच्या आरक्षण केंद्रावर जाऊन ती त्या तीन दिवसांत द्यावीत.

नमस्कार.