माजघरातलं ऑफिस

(दृश्य: रामबाग, इंदूर. जुन्या घराचं माजघर. दुपार. लाईट जाते.)

पंखा जरासा मंदावला आणि पुन्हा फिरायला लागला. कोपऱ्यातला इन्व्हर्टर गुणगुणू लागला. टेबलावरच्या लॅपटॉपला काहीच कळलं नाही, त्याच्या पोटात त्याची स्वतःची बॅटरी आहे. भिंतीवरच्या राऊटरकडे बघा. त्याचे सगळे दिवे विझले, आता एकेक करून लागतायत. फायबरचा डबा कंपनीच्या केंद्राशी नव्याने ओळख पटवतोय. त्याला २ ते ४ मिनिटं लागतात. तेवढ्यात ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन तुटलं, मोबाईलवर नवा ओटीपी आला, आणि या घरची सून ज्या मीटिंगमध्ये बोलत होती तिथे तिच्या नावाचा नुसता काळा चौकोन उरला.

पलीकडच्यांना एवढंच दिसतं की बाई बोलता बोलता गायब झाल्या. घरून काम बरं की ऑफिसात, या वादातली बरीचशी मतं अशा काळ्या चौकोनांवरून बनलेली असतात. तेव्हा सुरुवात इन्व्हर्टरच्या पाठीमागून करू.

(दृश्य: इन्व्हर्टर भिंतीपासून पुढे ओढतात. मागचा छोटा खटका, अगदी जवळून.)

हा खटका बहुतेक घरांत कुणी पाहिलेलाच नसतो. इन्व्हर्टर बसवणारा जिथे ठेवून जातो, तिथेच तो वर्षानुवर्षं राहतो. त्याच्या जागा दोन, नॉर्मल आणि यूपीएस. नॉर्मलवर असला की साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची लाईट इन्व्हर्टर तशीच घरात सोडतो, आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला किंचित वेळ घेतो. पंख्याला ते समजत नाही. राऊटरच्या स्वस्त अडॅप्टरला समजतं. खटका यूपीएसवर टाकला की हा वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि राऊटर विझत नाही.

मग सगळ्यांनीच यूपीएसवर का ठेवू नये? कारण तिथे इन्व्हर्टर १८० ते २६० व्होल्ट एवढीच लाईट घेतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीतले कूलर एकदम सुरू झाले आणि व्होल्टेज १७० वर उतरलं, की खांबावर लाईट असूनही घर बॅटरीवर चालतं. ज्या गल्लीत व्होल्टेज असं पडतं, तिथे खटका नॉर्मलवरच राहू द्यावा आणि राऊटरला वेगळा छोटा यूपीएस, म्हणजे आतच बॅटरी असलेला जोड, लावावा. हजार-दीड हजारात मिळतो, हाताच्या तळव्यावर मावतो. घेण्याआधी जुन्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचावीत. बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ व्होल्टचे. ९ च्या राऊटरला १२ दिले की यूपीएस शाबूत राहतो आणि राऊटर जातो. फायबरचा डबा आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही जोडणारी दुहेरी वायर लागते. ही वायर लोक हमखास विसरतात. मग राऊटर जागा असतो, डबा झोपलेला असतो, आणि वायफायच्या पूर्ण रेघा दिसत असताना इंटरनेट नसतं.

(दृश्य: बॅटरीची झाकणं उघडतात. फ्लोटच्या लाल कांड्या.)

ही १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास. एक जुना पंखा ७५ वॅट, दोन दिवे २०, लॅपटॉप ६०, राऊटर आणि डबा मिळून १५. झाले १७०. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून बॅटरीतून २१० च्या आसपास जातात. बॅटरी तळापर्यंत ओरपायची नसते, त्यामुळे नवी असताना साडेपाच ते सहा तास धरावेत. चार वर्षांनी त्याचे अडीच झाले तरी घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण लाईट एरवी वीस मिनिटांत परत येते. कळतं ते पावसाच्या पहिल्या वादळात, झाड तारेवर पडतं तेव्हा.

फ्लोटची लाल कांडी खाली गेलेली दिसते. म्हणजे पाणी कमी झालंय. आतल्या प्लेटा उघड्या पडल्या की त्यांच्यावर सल्फेटचा पांढरा थर बसतो आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांनी, एरवी तीन महिन्यांनी झाकणं उघडून बघायची. पाणी डिस्टिल्डच. आरओचं चालत नाही, त्यातही क्षार उरतात. घालायचं ते खुणेपर्यंत. काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्ल बाहेर येऊन टर्मिनल खातं. आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवला की पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत काटा १२४० च्या आसपास दाखवतो. इथे सहापैकी पाच कप्पे १२३० वर आहेत आणि एक ११४० वर. तो एक कप्पा बाकी पाचांना घेऊन बुडणार. आणि हो, फ्रिज या लाईनीवरून काढा. कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो, त्यानेच दुपारी इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडतो. दोष मात्र घरून काम करण्याला लागतो.

(दृश्य: माजघराची भिंत. टेपने जाडी मोजतात.)

सव्वा फूट. जुनी वीट, मातीचा गिलावा, वर चुना. राऊटर पुढच्या ओसरीत आहे, कारण फायबरवाल्याला तिथे वायर आणणं सोपं गेलं. टेबल माजघरात, कारण बसायला निवांत जागा तेवढीच. मध्ये अशा दोन भिंती. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण पहिल्याच भिंतीत दमते. २.४ ची लहर पलीकडे पोचते, पण त्या पट्टीवर शेजारच्या घरांचे राऊटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह सगळेच बोलतात. त्या पट्टीवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११.

लोक इथे प्लॅन वाढवतात. १०० एमबीपीएसचा २०० करतात. तो पैसा वाया जातो. एका एचडी व्हिडिओ कॉलला दीड ते चार एमबीपीएस पुरतात. अडतं ते वेगापाशी नाही, मध्येच गळणाऱ्या डेटाच्या पाकिटांपाशी. उपाय साधा आहे. कॅट-६ ची नेटवर्क वायर, ओसरीपासून टेबलापर्यंत, इथे १४ मीटर. वायर १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. जुन्या घरात भिंत फोडायची गरज नाही, दाराच्या चौकटीवरून पट्टीत घालून नेता येते. लाईटच्या वायरीला चिकटवून मात्र नेऊ नये.

(दृश्य: गच्ची. खांबावरून आलेली काळी फायबर वायर, खिळ्याला गुंडाळलेली.)

हे दृश्य इंदूरच्या कुठल्याही गच्चीवर मिळेल. फायबर म्हणजे काच. खिळ्याभोवती असा घट्ट वळसा दिला की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. लाईनमनने प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावलाय, आकडा दिसतोय उणे २७. उणं जितकं जास्त, तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २४-२५ पर्यंत ठीक, उणे २७ ला घरचा डबा कसाबसा ऐकू शकतो. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. वळसा सोडवून तळहाताएवढा मोठा केला. आकडा उणे २१. दुसरं एक बघायचं ते वायरीच्या टोकांचे रंग. हिरवं टोक हिरव्यातच बसवायचं, निळं निळ्यात. हिरवं निळ्यात बसतं, पण आत काच तिरकी घासलेली असते आणि प्रकाश गळतो. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तक्रारी वाढतात त्या मांज्यामुळे.

(दृश्य: टेबल, खुर्ची. समोरून, मग बाजूने.)

जेवणाचं टेबल ७५ सेंटिमीटर. त्यावर लॅपटॉप ठेवला की मान खाली जाते. खाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला की पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर येते. पण मग हात हवेत राहतात, म्हणून कीबोर्ड आणि माऊस वेगळे हवेत. कोपर आणि कीबोर्ड एका उंचीवर. त्यासाठी खुर्ची वर घेतली की पाय लोंबतात, आणि मांडीच्या मागे मुंग्या येतात. पायाखाली पाट घ्या. देवघरातला नको, स्वयंपाकघरातला चालेल.

(दृश्य: सकाळ. सुपर कॉरिडॉर. कंपन्यांच्या बसगाड्या, गेट, गळ्यातली ओळखपत्रं.)

आता शहराचं दुसरं टोक, सुपर कॉरिडॉर, आयटी कंपन्यांचा पट्टा. तिकडे जायला राजेंद्रनगरहून निघालं की अन्नपूर्णा रोड, गंगवाल बसस्थानक, बडा गणपती, एरोड्रम रोड. ३१ मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली ती गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर ३, पाच स्थानकं, सुमारे ६ किलोमीटर. मराठी वस्ती ज्या भागांत दाट आहे, रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, त्यांतलं एकही या सहा किलोमीटरांत येत नाही. म्हणून बस, दुचाकी, किंवा चौघांची मिळून एक गाडी.

या काचेमागे ऑफिस काय देतं? दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाईनी, इमारतीत दोन वेगळ्या बाजूंनी आलेल्या. यूपीएसच्या बॅटऱ्या, ज्या डिझेल जनरेटर भार घेईपर्यंत इमारत सांभाळतात. त्या बॅटऱ्यांत पाणी आहे का हे बघायला पगारी माणूस. उंची बदलणारी खुर्ची. शिस्त, संस्कृती, टीमची भावना हे शब्द भाषणात येतात, पण आठ तासांचं काम या खालच्या गोष्टींवर उभं असतं. नवीन लागलेला मुलगा शेजारच्या टेबलावर बघून पटकन शिकतो, हेही खरं आहे.

(दृश्य: गेटवर कार्ड टेकवतात. हिरवा दिवा.)

कायदा या बाबतीत मागून धावत आला. ५ नोव्हेंबर २०२० ला दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवांच्या अटी सैल केल्या, तेव्हा घरून काम अधिकृतपणे सोपं झालं. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जुलै २०२२ मध्ये नियम ४३-अ आला. निम्म्यापर्यंत कर्मचारी घरून, जास्तीत जास्त एक वर्ष. त्याच डिसेंबरात तो सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खुला झाला. मग उलटी पावलं. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस बोलावलं. इन्फोसिसने महिन्याला ऑफिसात दहा दिवसांचं गणित ठेवलं. या बोलावण्यांनंतर कुणी इंदूरचं घर सोडून पुण्याला खोली घेतली, कुणी नोकरीच सोडली.

अभ्यासांत नेहमी पुढे केला जातो तो शांघायचा. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या लोकांना नऊ महिने घरून कामाला बसवलं. काम १३ टक्क्यांनी वाढलं. त्यातले ९ टक्के जास्त मिनिटं बसल्याचे, ४ टक्के घरातल्या शांततेचे. पण घरी कुणाला बसवलं? ज्याच्या घरी ब्रॉडबँड होतं आणि कामाला वेगळी खोली होती, त्यालाच. यंत्रं कंपनीची. जागेचं भाडं मुख्यतः वाचून कंपनीला माणशी वर्षाला सुमारे २००० डॉलर उरले. त्याच अभ्यासात घरी बसणाऱ्यांना कामाच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. २०२४ मध्ये त्याच कंपनीतला १६१२ जणांचा प्रयोग छापून आला. आठवड्याला दोन दिवस घरी, तर राजीनामे एक तृतीयांशाने घटले, कामाच्या मूल्यमापनात फरक नाही.

(दृश्य: पुन्हा रामबाग. दिवेलागण. लॅपटॉप उघडा.)

ही त्याच घरातली संध्याकाळ, पण आज ऑफिसचा दिवस होता. कार्ड टेकवून झालंय, बस सोडून गेलीय. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे इथे उन्हाळ्यात साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि तेच नऊ इथे साडेसात होतात. साडेसातला ऑफिसची बस नसते. म्हणजे पाच दिवस ऑफिसात जाणाऱ्याची दिवसातली सगळ्यात नाजूक मीटिंग याच माजघरातून, याच राऊटरवरून होते. माणूस परत बोलावला, राऊटर घरीच राहिला.

(दृश्य: सासरे आणि नवी बॅटरी. जुनी हातगाडीवर चढवतात.)

नवी बॅटरी पंधरा हजारांच्या आसपास. खुर्ची, कीबोर्ड, छोटा यूपीएस, वायर, सगळं मिळून पंचवीस-तीस हजार. आयकरात पगारदाराला या खर्चासाठी वेगळी वजावट नाही. कंपनीच्या पोर्टलवर प्रवासखर्चाचा रकाना आहे, बॅटरीचा नाही.

जुन्या बॅटरीचे भंगारवाल्याने वजनाप्रमाणे पैसे वळते केले. सासऱ्यांनी टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावली, पाणी घातल्याची तारीख खडूने भिंतीवर लिहिली, आणि उरलेली रक्कम घरखर्चाच्या वहीत मांडली, दूधवाल्याच्या खाली.