एम. एफ. के. फिशर : खाणारीची गोष्ट

[दृश्य : हिवाळ्यातली खिडकी, बाहेर कठड्यावर बर्फ]

टँजेरीन हे संत्र्याच्या जातीचं छोटं फळ. ते सोलायचं, फोडी सुट्या करायच्या, एकेक पांढरा धागा काढून टाकायचा. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर फोडी मांडायच्या आणि खुशाल विसरून जायचं. त्या टम्म फुगल्या की खिडकी उघडून बाहेरच्या बर्फावर ठेवायच्या. गार झाल्या की एक तोंडात. आधी पातळ, कुरकुरीत पापुद्रा फुटतो आणि मग थंडगार रस.

ना शेगडी, ना मीठ, ना माप. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरातला आपला हा चाळा मेरी फ्रान्सेस केनेडी फिशर या अमेरिकन लेखिकेनं १९३७ साली पहिल्याच पुस्तकात सांगून टाकला. पदार्थ कसा करायचा हे सांगणारे पुष्कळ होते. ही सांगत होती, मी तो कसा खाल्ला.

[दृश्य : कॅलिफोर्नियातलं जुनं घर]

जन्म १९०८, मिशिगनमधल्या अल्बियन गावी. वाढली कॅलिफोर्नियातल्या व्हिटियरमध्ये, वर्तमानपत्राच्या संपादकाच्या घरात. घरात आजीचा वचक. जेवणाची चव घेणं म्हणजे जवळजवळ पापच, त्यामुळे ताटात उकडलेलं आणि पांढऱ्या सॉसमध्ये बुडवलेलं. आजी धार्मिक मेळाव्याला गावाला गेली, की घरादाराच्या जिभेला सुट्टी!

१९२९ मध्ये लग्न करून ती नवऱ्याबरोबर फ्रान्समधल्या दिजाँला गेली. तो डॉक्टरेट करत होता आणि ही जेवत होती. पुढे भाड्याच्या घरात तिला स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं, तेही एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढं. तिथला तिचा हुकमी पदार्थ फ्लॉवरचा. बर्गंडीतले, म्हणजे दिजाँच्या परिसरातले, छोटे, ताजे गड्डे किंचित उकडायचे, वर दाट साय आणि किसलेलं ग्रुयेर चीज घालायचं, आणि साय मुरून वरचा थर तांबूस होईपर्यंत भट्टीत ठेवायचं. सोबत पाव, ताटाला लागलेलं पुसून खायला. अमेरिकेत परतल्यावर तिनं तोच पदार्थ करून पाहिला, पण जमला नाही. तिकडचा फ्लॉवर पाणचट, साय वेगळी, चीज वेगळं. कृती तीच, हातही तोच. माझ्या मते तिच्या साऱ्या लेखनाची मेख या फ्लॉवरमध्ये आहे.

[दृश्य : ग्रंथालयातली कपाटं]

परतली तेव्हा मंदीचा काळ, हातात पैसा नाही. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात जुनी पाकपुस्तकं वाचता वाचता ती लिहू लागली. मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं, त्यामुळे लेखक पुरुषच असणार असा अनेकांचा समज झाला.

मग आयुष्य आडवं आलं. दुसरा नवरा, चित्रकार डिलविन पॅरिश, याचा पाय असाध्य दुखण्यानं कापावा लागला. वेदना असह्य होऊन १९४१ मध्ये त्यानं आयुष्य संपवलं. पुस्तकांत ती त्याला त्याच्या नावानं हाक मारत नाही. स्वित्झर्लंडमध्ये दोघं राहत होती, तिथलं शेजारचं गाव शेब्र. तेच तिनं त्याचं नाव केलं.

पुढच्याच वर्षी, युद्धाच्या रेशनिंगमध्ये, तिचं ‘हाउ टू कुक अ वुल्फ’ आलं. नावाचा अर्थ ‘लांडगा कसा शिजवावा’. इंग्रजीत दाराशी लांडगा आला म्हणजे उपासमार आली. तर मग त्यालाच शिजवा, असा तिचा खाक्या. खिसा अगदी रिकामा असेल तर पन्नास सेंट उसने घ्या आणि खिमा, भाज्या, भरड धान्य तासन् तास एकत्र शिजवा, असं ती सांगते. दिसायला हा प्रकार भयंकर, पण दिवस निघतात. १९५१ च्या आवृत्तीत तिनं स्वतःच्याच मजकुरात कंसात शेरे घातले : कुठे स्वतःला खोडून काढलं, कुठे टिंगल केली. ते कंस मूळ मजकुराइतकेच चवीनं वाचावेत.

[दृश्य : ग्लेन एलनमधलं दोन खोल्यांचं घर]

१९७१ पासून ती कॅलिफोर्नियाच्या सोनोमा खोऱ्यातल्या ग्लेन एलनमध्ये राहिली. न्हाणीघर ऐसपैस आणि गडद लाल रंगाचं. म्हातारपणी पार्किन्सनच्या आजारानं हात थरथरू लागले, तेव्हा ती मजकूर तोंडी सांगून उतरवून घेऊ लागली. जून १९९२ मध्ये याच घरात तिनं शेवटचा श्वास घेतला.