व्यायलेल्या गाईच्या अंगची चरबी

नमस्कार श्रोतेहो. गाय विण्याच्या सुमारास तिचं खाणं उतरतं, आणि व्यायल्यावर दूध मात्र रोज चढतं. ही तूट ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते. चरबी सुटते, रक्तातून यकृतात जाते. बेताची असेल तर यकृत ती जाळतं. भाराभर आली, की काही तिथेच साठते आणि काहीचे किटोन, म्हणजे अर्धवट जळलेल्या चरबीचे पदार्थ, बनतात. हाच किटोसिस, म्हणजे कितनबाधा. विण्याआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे, हेच जपायचे. पुन्हा सांगतो, आधीचे तीन, नंतरचे तीन.

आता ओळखीच्या एका काकूंच्या गाईचं सांगतो. भाकडकाळात, म्हणजे विण्याआधी दूध आटवलेलं असताना, खुराकाला कमी नाही. पाठ अशी भरलेली, की कण्याची रेघ दिसेना. शेपटीच्या बुडाशी चरबीच्या वळ्या. येणारा-जाणारा म्हणे, "काय देखणी गाय!" आपल्याकडे जाड ते सगळं देखणं, बाळसुद्धा. मला हे कधी पटलेलं नाही. असो. गाय व्यायली सुखरूप, पण आठवड्याभरात पेंडीला तोंड लावेना. नुसता सुका चारा चघळायची. शेण घट्ट, वर बुळबुळीत चकाकी. "नजर लागली हो डॉक्टर," काकू म्हणाल्या. मी तिच्या तोंडाशी वाकलो, तर गोडसर वास, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. काकूंना काही येईना, सुनेला लगेच आला! काही नाकांना तो कळतच नाही, पण सासू म्हणे, "हिला नसलेले वास येतात." जुंपलीच दोघींची. शेवटी गाईच्या लघवीचे थेंब रोथेराच्या, म्हणजे किटोन तपासायच्या, भुकटीवर टाकले. भुकटी जांभळी झाली, म्हणजे किटोन होते. सून काही बोलली नाही, नुसती सासूकडे बघत राहिली. गाईला शिरेतून ग्लुकोज दिलं, पुढे काही दिवस प्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे अंगात साखर बनवणारं औषध, पाजलं. ती पेंडीवर आली.

तर अंगलट, म्हणजे अंगावर चरबी किती, ते बघा. 1 म्हणजे हडकुळी, 5 म्हणजे फार लठ्ठ, अशा 1 ते 5 गुणांत विताना 3 ते साडेतीन पुरे. 4 च्या वर गेलेली गाय व्यायल्यावर आणखीनच कमी खाते. मात्र गाभण गाय लठ्ठ दिसली म्हणून शेवटच्या महिन्यात तिचा चारा तोडू नका, चरबी विण्याआधीच सुटायला लागेल. अंगलट जोखायची ती दूध आटवण्याच्या आधी, ती दुधात असतानाच.