श्यामची आई: वाचलेली आणि पाहिलेली

नमस्कार श्रोतेहो.

‘श्यामची आई’ आपल्या घराघरांत आहे, तेव्हा गोष्ट सांगत बसत नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांचा सिनेमा आला १९५३ साली, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. गुरुजी मात्र १९५० सालीच गेले होते. त्यांना तो पाहायला मिळाला नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

मला आज सांगायचंय ते एवढंच. पुस्तकातली आई पहिल्या पानापासूनच गेलेली आहे. मोठा झालेला श्याम आश्रमात रोज रात्री मित्रांना तिच्या आठवणी सांगतोय. सिनेमात ती आपल्यासमोर वावरते, वनमालाबाईंच्या रूपात. पुस्तकातली आई गेलेली आहे, श्रोतेहो. सिनेमातली आहे.

हे मला कळलं शाळेच्या पटांगणात. मी पाचवीत होते. दोन बांबूंना चादर बांधून रात्री सिनेमा लावला होता. वारा आला की चादर फुगायची आणि आईचा चेहराही हलायचा. पोहायच्या भीतीनं श्याम लपून बसतो, आई त्याला मारते, तो प्रसंग सुरू झाला आणि नेमकी फिल्म तुटली. चादर पांढरीफटक. पोरांनी कालवा केला. तेवढ्यात आमच्या मराठीच्या बाई उठल्या आणि पुढचं तोंडपाठ सांगायला लागल्या. लोकांनी आपल्या लेकराला भित्रा म्हणू नये म्हणून त्या माउलीनं हात उचलला, पण जीव तिचाच तुटत होता. बाई आधी ‘श्यामची आई’ म्हणत होत्या. मग कधीतरी ‘माझी आई’ म्हणायला लागल्या. पुस्तकात श्यामही तसंच म्हणतो, म्हणून आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सगळं पटांगण चिडीचूप. फिल्म जोडून झाली, चादरीवर उजेड पडला, तेव्हा बाई पदरानं डोळे टिपत होत्या. त्यांची आई त्याच उन्हाळ्यात गेली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं.

म्हणून सांगते, मुलांच्या हातात नुसतं पुस्तक देऊ नका, त्यांना वाचून दाखवा. रोज एक प्रकरण. हल्ली घरात मोठ्यानं वाचणं बंदच झालंय, आणि ते मला फार लागतं.

सिनेमानं काय दिलं? माधव वझ्यांचा तो भेदरलेला, निरागस श्याम दिला. आणि एक गाणं दिलं. द्रौपदीनं कृष्णाच्या बोटाला बांधायला भरजरी पितांबर फाडला, ती कथा अत्र्यांनी गाण्यात बांधली. आवाज आशा भोसले यांचा, संगीत वसंत देसाई यांचं. ऐकू या, ‘भरजरी गं पितांबर’.