बोटीत माणसं किती मावतात?

मंडळी, टायटॅनिकवरचे सेकंड ऑफिसर म्हणून चार्ल्स लाइटोलर हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या कानावर आलं असेल. मला बोलायचंय ते थेम्सकाठी ट्विकनहॅमला 'रिचमंड स्लिपवेज' हा छोटा बोटींचा कारखाना चालवणाऱ्या म्हाताऱ्या लाइटोलरांबद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे नदीवरच्या पोलिसांसाठी मोटर लाँच बांधल्या जात. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण हा कारखाना एका ओळीत उरकतात. माझं मन मात्र तिथेच अडकतं.

जन्म १८७४चा, लँकेशायरमधल्या चोर्लीचा. आई लहानपणीच गेली. तेराव्या वर्षी पोरगा शिडाच्या जहाजावर उमेदवारीला लागला. पंधराव्या वर्षी हिंदी महासागरातल्या एका ओसाड बेटावर जहाज फुटलं, तरी दर्या सोडला नाही. सेकंड मेटची, म्हणजे जहाजावरच्या अधिकाऱ्याची, परीक्षा ते आपल्याकडे कलकत्त्यात उत्तीर्ण झाले. मधेच सोनं शोधायला कॅनडातल्या क्लोंडाइकलाही जाऊन आले.

आता टायटॅनिक बुडाली ती १९१२ची रात्र. डाव्या बाजूच्या लाइफबोटी सोडायचं काम लाइटोलरांकडे होतं. पासष्ट माणसांची बोट, आणि तीसहूनही कमी माणसं घेऊन ती पाण्यात गेली. "बायका आणि मुलं" या हुकमाचा अर्थ त्यांनी फार कडक लावला, पुरुषांना अडवलं. चौकशीत त्यांनी सांगितलं की भरलेली बोट वरून खाली सोडली तर भार पेलेल याची खात्री नव्हती. वास्तविक बांधणाऱ्यांनी बेलफास्टमध्ये तेवढ्या वजनाची चाचणी घेतली होती. हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. त्यांच्याविषयी मला कितीही आदर असला तरी हे झाकून ठेवणं मला पटत नाही. त्याच रात्री उलट्या पडलेल्या एका बोटीच्या पाठीवर तीसेक जणांना उभं करून, लाटेबरोबर तोल कसा बदलायचा हे ओरडून सांगत पहाटेपर्यंत तगवलं, तेही याच माणसानं.

पहिल्या महायुद्धात नौदलात दोनदा शौर्यपदक मिळालं. पण व्यापारी जहाजाचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. नोकरी सोडून त्यांनी पाहुण्यांसाठी घर चालवलं, कोंबड्या पाळल्या. मग १९२९ साली नौदलानं मोडीत काढलेल्या एका जुन्या वाफेच्या लाँचचा सांगाडा विकत घेतला, त्याची नव्यानं बांधणी करवून मोटरबोट केली आणि नाव ठेवलं 'सनडाउनर'.

ही बोट त्यांची स्वतःची होती. आपल्या कोकणात ज्यांच्या दारात होडी आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. बोट डागडुजीला घेतली की कुठली फळी नरम आहे, कुठे पाणी झिरपतं, वजन वाढलं की ती कुठल्या अंगाला कलते, हे हातांना कळत जातं. परक्याच्या जहाजावर कितीही वर्षं नोकरी केली तरी ते कळेलच असं नाही.

१ जून १९४०. फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला जर्मनांच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश आणि मित्रराष्ट्रांच्या सैन्याला आणण्यासाठी नौदलानं 'सनडाउनर' मागितली. सहासष्ट वर्षांचे लाइटोलर म्हणाले, बोट न्यायची तर मीच नेणार. सोबत थोरला मुलगा रॉजर आणि एक तरुण सी स्काउट, म्हणजे बोटींचं शिक्षण घेतलेला बालवीर. तोवर या बोटीनं एका वेळी एकवीसपेक्षा जास्त माणसं नेली नव्हती. त्या दिवशी तिनं सव्वाशेहून अधिक सैनिक आणले. आधी खालच्या केबिनमध्ये माणसं निजवून, दाटीवाटीनं भरली. मग डेकवर घेतली, आणि बोट डळमळायला लागल्याचं जाणवताच थांबवलं. वर जर्मन विमानं घिरट्या घालत होती. त्यांचा मारा चुकवायला सुकाणू नेमकं कधी वळवायचं, हे धाकट्या मुलाकडून, ब्रायनकडून, ते शिकले होते. ब्रायन वैमानिक होता. युद्धाच्या अगदी सुरुवातीलाच तो मारला गेला होता.

टायटॅनिकचं शल्य त्यांनी डंकर्कला धुऊन काढलं, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. त्या रात्री मागे राहिलेली माणसं परत येत नाहीत. मला दिसतं ते एवढंच, की १९१२ साली बोटीला किती भार पेलेल हे ठाऊक नसलेल्या माणसाला १९४० साली ते अंगच्या जाणिवेनं ठाऊक होतं, आणि मधल्या काळात त्यानं एक मोडकी बोट उभी केली होती.

म्हणून रिचमंड स्लिपवेज मला महत्त्वाचं वाटतं. रॉजरही १९४५मध्ये युद्धात गेला. दोन मुलं गमावलेला हा सत्तरी ओलांडलेला माणूस नदीवर गस्त घालायच्या बोटी बांधत राहिला. ८ डिसेंबर १९५२ रोजी, लंडनवर ते कुप्रसिद्ध विषारी धुकं साचलेलं असताना, हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि कारखाना अखेरपर्यंत त्यांच्याच हाताखाली चालू होता.